जवायाच्या विरोधात पार्वताबाई

बंडूचा हडंबा सासुरवाडीला गेला, तेव्हा निंभोरी खुर्दच्या शिवारात सोयाबीनच्या सतरा गंज्या उभ्या होत्या. निंभोरी बुद्रुक कुठं आहे हे कोणालाच माहीत नाही. एका तलाठ्यानं शोधलं होतं म्हणतात, मग त्याची बदली झाली.

हडंबा म्हणजे ट्रॅक्टरमागं जोडायचं मळणीयंत्र. एका तोंडानं सोंगलेलं, म्हणजे कापलेलं, सोयाबीन टाकायचं, बगलेतून दाणे पडतात, मागून कुटार, म्हणजे भुसा, उडतं आणि मधला माणूस दिवसभर शिंकतो. गावात हडंबा एकच, बंडूचा. म्हणून सोंगणी आटोपली की नागसेन पंचायतीच्या भिंतीवर नंबर लिहितो. नागसेन पंचायतीत कॉम्प्युटरवर बसतो, पण नंबर खडूनंच लिहितो, कारण पडद्यावरचं लिहिणं गावाला खरं वाटत नाही.

यंदा पहिला नंबर मैनाबाईचा होता. नवरा पुण्याकडे वॉचमन, तीन एकर काळी जमीन हिच्या एकटीच्या अंगावर. तिनं दोन बायांना सोबत घेऊन सोंगणी केली होती, शेंगांच्या टोकांनी बोटं भोसकून घेतली होती, गंजी रचून वर ताडपत्री बांधली होती. ताडपत्रीला दोन भोकं होती, पण पहिला नंबर असलेल्या माणसाला भोकांची काय फिकीर?

सोमवारी संध्याकाळी बंडू मैनाबाईच्याच वावरात जायचं म्हणून हडंब्याला ग्रीस भरून राहिला होता, तोच सासूबाईंचा फोन आला.

पार्वताबाई तिवस्याकडच्या. जवायासमोर सासूनं मोठ्यानं बोलायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. समोरासमोर त्या बंडूशी लेकीच्या मार्फत बोलत. फोनवर थेट बोलत, पण डोक्यावर पदर घेऊन.

"तुमी येऊ नका, जवाईबुवा," त्या म्हणाल्या. "तुमच्या गावचं पहिले करा. आमचं काय, होईन तसं होईन. सोंगून आठ दिवस झाले, पण तुमी बिलकुल येऊ नका."

आता हे ऐकून पुण्याचा जावई गेला नसता. त्याला येऊ नका म्हटलं की तो येत नाही, असं ऐकून आहे. पण वऱ्हाडात सासूनं तीनदा येऊ नका म्हटलं आणि जवाई खरंच गेला नाही, तर पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात त्याच्या ताटात पापड उशिरा पडतो. बंडूनं हिशेब लावला. आज निघायचं, उद्या सकाळी त्यांचं काढायचं, दुपारी परत. मैनाबाईला मंगळवार काय आन् बुधवार काय.

"मैनाबाईले सांगून त जा," बायको वर्षाली म्हणाली.

"सांगतलं त थे नाही म्हणन," बंडू म्हणाला. "मंग जाता कसं येईन?"

इथं त्याची चूक झाली. बाकीच्या सगळ्या चुका हिच्या मागं जोडून आल्या, ट्रॅक्टरमागं हडंबा येतो तशा.

मंगळवारी तिकडे अर्धं सोयाबीन निघाल्यावर हडंब्याचा पट्टा तुटला. नवीन पट्टा अमरावतीहून येईपर्यंत चार वाजले. काम संपलं तेव्हा दिवस बुडत होता आणि स्वयंपाक झाला होता. पाटोडीचा रस्सा, पोळ्या, भात, वर कुरड्या. वाढलेल्या ताटावरून जवाई उठत नाही. बंडू तिसरी पोळी मोडत होता, तेव्हा निंभोरीत पाऊस सुरू झाला. तिवस्याकडे टिपूस नव्हता. आभाळात चांदण्या होत्या, त्याही चांगल्या दिसत होत्या.

बुधवारी दुपारी तो गावात शिरला. सगळ्या वावरांत माणसं गंज्या मोडून भिजलेलं सोयाबीन उन्हात पसरत होती. त्यानं हॉर्न वाजवला. कोणी वर पाहिलं नाही. नेहमी हॉर्न वाजला की चार माणसं धावत येत. आज फक्त एक कुत्रं आलं, तेही टायरपाशी आपलं काम करून परत गेलं.

मैनाबाई वावराच्या बांधाशी, धुऱ्याजवळ होती. हातात लाकडी दाताळं. ती पेंढ्या उलटत होती आणि खालून वाफ निघत होती. वरच्या शेंगा काळ्या पडल्या होत्या.

"मैनाबाई," बंडू म्हणाला.

मैनाबाईनं पेंढी उलटली.

"थो पट्टा तुटला ना..."

तिनं दुसरी उलटली. मग तिसरी. बंडू सात पेंढ्यांपर्यंत उभा राहिला. मग निघून आला.

संध्याकाळपर्यंत कोणीतरी ट्रॅक्टरच्या पुढच्या दोन्ही चाकांची हवा सोडली. चहाच्या टपरीवर त्याला दूध संपलं म्हणून सांगितलं, आणि मागून आलेल्या जानरावला दुधाचा चहा दिला. जानराव पंधरा वर्षांपूर्वी सरपंच होते आणि अजून कोणी त्यांना ते संपल्याचं सांगितलेलं नाही. "सासुरवाडीचं सोयाबीन कसं काय निघालं, बंडूशेठ?" त्यांनी विचारलं. "कोरडं निघालं ना? बरं झालं. गावचं कोणतंतरी कोरडं पायजे."

गुरुवारी सकाळी मारोतीच्या पारावर सभा ठरली. सभेला नीट जावं म्हणून बंडू दाढी करायला योगेशकडे बसला. योगेशनं साबण लावला, डावा गाल साफ केला, वस्तरा पुसला आणि त्याच्या डोक्यात आलं की आपल्या भावाची गंजी नवव्या नंबरावर होती. त्यानं वस्तरा डबीत ठेवला.

"उठ," तो म्हणाला.

"एक बाजू राहिली ना बे."

"थे तुह्या सासूकडून करून घे."

असा डावीकडून गुळगुळीत आणि उजवीकडून आठवड्याची दाढी वाढलेला बंडू सभेत आला. दीडेकशे माणसं होती. बाया एका बाजूला, लिंबाखाली. नागसेननं पंचायतीचा माइक लावला होता.

जानराव उभे राहिले. "जास्त बोलत नाही," ते म्हणाले आणि वीस मिनिटं बोलले. ठराव असा होता, की बंडूचा हडंबा आजपासून गावच्या एकाही वावरात फिरणार नाही. यंदाही नाही, पुढंही नाही. चांदूर बाजारहून दुसरा मागवायचा.

"थो आठ दिवसांनी येते," नागसेन म्हणाला. "मी फोन लावला होता. आन् मोबाइलवर शनिवारी पाऊस दाखवून राह्यला."

"येऊ दे पाऊस," कोणीतरी ओरडलं. "पण याचा हडंबा नाही पायजे!"

टाळ्या पडल्या. बंडू माइककडे सरकला. हंगामाचे हे पंधरा दिवस गेले, की घरात वर्षभर काय? हडंबा काही अंगणात शोभेला ठेवायची वस्तू नव्हे. त्यानं माइक मागितला.

"माहं चुकलं," तो म्हणाला. "पण..."

त्या 'पण'नंतर काहीच ऐकू आलं नाही. "बस खाली!" "पाटोडी कशी होती बे?" "अर्धी दाढी, अर्धा माणूस!" एक चप्पल आली. ती बंडूला लागली नाही, मागं बसलेल्या पोलीस पाटलाला लागली. त्यामुळं वातावरण आणखी बिघडलं.

तेवढ्यात रस्त्यावर ऑटो थांबला. आईला आणायला गेलेली वर्षाली उतरली आणि तिच्यामागं, हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी, पार्वताबाई. वर्षालीनं आदल्या दिवशी फोन करून आईला एकच वाक्य सांगितलं होतं, "आई, तुह्या पाटोडीपायी आमाले गाव सोडा लागते." पार्वताबाई पहिल्या एसटीनं निघाल्या होत्या.

गर्दी आपोआप बाजूला झाली. पाव्हणी बाई, तीही म्हातारी, तिला अडवायची कशी? पार्वताबाईंनी पारावर चढून बंडू कुठं आहे ते पाहिलं आणि लगेच पदर पुढं ओढला.

"वर्षाली," त्या लेकीच्या कानात, पण माइकसमोरच म्हणाल्या, "जवाईबुवा समोर असल्यावर मले बोलता येत नाही. त्याह्यले देवळाच्या मांगं बसव."

म्हणून पुढचं सगळं बंडूनं देवळामागं बसून ऐकलं. समोर चुन्याची भिंत होती. शेजारी एक बकरी बांधलेली होती, ती भिंतीवरचं निवडणुकीचं पोस्टर खात होती आणि तिसऱ्या उमेदवारापर्यंत पोचली होती. गर्दी दिसत नव्हती. फक्त आवाज येत होते.

"राम राम," भोंग्यातून सासूबाईंचा आवाज आला. इतका मोठा आवाज त्याच्या सासूला आहे, हे सहा वर्षांत त्याला माहीत नव्हतं. "मी पार्वता. ज्या सोयाबीनपायी तुमचं भिजलं, थे माहं."

"आली मोठी सांगाले!" एक आवाज.

"आली. शिव्या द्याच्या असतीन त मलेच द्या. पण एकेकानं द्या. मले कमी ऐकू येते, सगळ्याईनं एकदम देल्या त वाया जातीन. रांग लावा. कोणाचा पहिला नंबर?"

चपलांची कुजबुज. कोणीतरी कोणाला तरी पुढं ढकललं असावं.

"बोल बाबा," पार्वताबाई म्हणाल्या. "हा माइक घे."

माइकमध्ये कोणाचा तरी श्वास ऐकू आला. मग योगेशचा आवाज. "तुमी... तुमी हे बरं नाही केलं, आजी."

"झालं?"

"हो."

"अरे, आमच्या गावात यापेक्षा जास्त बैलाले बोलतात. दुसरा नंबर?"

लिंबाखाली एक बाई हसली. मग दोन. बंडूनं बकरीकडे पाहिलं. बकरीनं चावणं थांबवलं होतं.

"कोणी नाही? बरं. आता मी बोलतो," पार्वताबाई म्हणाल्या. "मी जवायाची बाजू घ्याले नाही आलो. मी तुमच्याकडून आहो. मी त्याह्यले तीनदा येऊ नका म्हटलं, तरी थे आले. मंग काय म्हणाचं अशा माणसाले?"

"तीनदा म्हणलं त या लागतेच ना, आजी," एका म्हाताऱ्याचा आवाज. "नाही आला असता त तुमीच नाव ठेवलं असतं."

"तुमी मधात बोलू नका. माणूस खराब आहे. ठराव पास करा. नुसता ठराव कशाले, हडंबा फोडा! कुऱ्हाड आणा, पहिला घाव मी घालतो. एवढे मोठे गडी बसले, कोणाच्या घरी कुऱ्हाड नाही?"

कुऱ्हाड प्रत्येकाच्या घरी होती. उठलं कोणी नाही.

"फोडून काय भेटन?" कोणीतरी हळू म्हणालं.

"काय म्हणजे? इज्जत भेटन. सोयाबीन सडन, पण इज्जत राहीन. शनिवारी पाऊस आला त त्याले सांगजा, बाप्पा, आठ दिवस थांब, आमचा हडंबा चांदूरहून येऊन राहिला."

आता हसू सगळीकडून आलं. पण ते हसू बंडूला आवडलं नाही. त्याला वाटलं, सासूबाई खरंच त्याच्या विरोधात गेल्या. त्याच्या कपाळावर घाम आला. पण डाव्या गालावरून तो लवकर खाली उतरला.

"मले एक सांगा," पार्वताबाईंचा आवाज उतरला, घरातल्या घरात बोलतात तसा झाला. "या माणसानं गावात कोणाचं एक काम तरी धड केलं का? नसनच केलं. मले माहीत आहे."

"तसं नाही, आजी." पुन्हा योगेश. "मांगच्या साली माहा बाप गेला. गव्हाची गंजी वावरात उभी होती, आमी तिकडे मयतीत. यानं न सांगता काढून देला."

"खोटं. दुप्पट पैसे घेतले असतीन."

"घेतलेच नाही!" योगेश चिडला. "म्या देल्ले त परत केले. खोटं कशाले बोलू? मारोतीसमोर बसलो आहे."

"एखाद्या वेळी वेंधळेपणानं केलं असन. याच्यानं माणूस चांगला होते काय? जानराव दादा, तुमी सांगा. तुमी जुने जाणते. तुमी ठराव मांडला, म्हणजे तुमाले याचा काहीच अनुभव चांगला नसन."

जानराव खोकले. खोकणं बराच वेळ चाललं.

"नातीले साप चावला होता," ते शेवटी म्हणाले. "पुलावरून पाणी होतं. जीप गेली नाही. यानं ट्रॅक्टर घातला पाण्यातून. पोरगी आता सातवीत आहे."

बंडूनं मान खाली घातली. त्या दिवशी तो इतका घाबरला होता की पुलावर आपल्याच देवाला शिव्या देत होता. हे जानरावांनी सांगितलं नाही.

"तरी माणूस खराबच," पार्वताबाई म्हणाल्या.

"खराब कसा?" लिंबाखालून एक बाई. "माही म्हैस विहिरीत पडली, तवा यानंच काढली!"

बंडूला ही म्हैस आठवेना. विहीर आठवली, पण तिला पायऱ्या होत्या आणि कोणतीही म्हैस चालत वर आली असती. पण आता बांध फुटला होता. कोणाचा पोरगा त्यानं परीक्षेला सोडला होता, कोणाच्या लग्नात मांडव धरून उभा होता. एकानं सांगितलं की बंडूनं बिबट्या हाकलला. नागसेन म्हणाला, "थो बिबट्या नव्हता, वानेर होतं." त्यावर तो माणूस म्हणाला, "मोठं होतं पण!"

"बस झालं!" पार्वताबाई ओरडल्या आणि भोंगा किंचाळला. "तुमी सगळे भोळे लोक. तुमच्या गावात मी हा माणूस ठेवतच नाही. आत्ता घेऊन जातो. पोरगी, जवाई, ट्रॅक्टर, हडंबा. आमच्याकडे साठ गंज्या उभ्या आहेत. चाला, जवाईबुवा, हवा भरा!"

"घेऊन कसे जासान?" दहा आवाज एकदम.

"माहा जवाई आहे."

"बाई," जानराव उठले असावेत, कारण त्यांच्या काठीचा आवाज आला, "जवाई तुमचा, हे कबूल. पण हडंबा गावाचा आहे."

अशी टाळी निंभोरीत पंधरा ऑगस्टलाही पडत नाही. शिट्ट्या आल्या. कोणी म्हणालं, हार आणा. कोणी म्हणालं, बंडूलेच सरपंच करा. देवळामागं बंडू उठून उभा राहिला आणि शर्ट सारखा करू लागला. कारण हार घालायचा म्हटल्यावर कॉलर नीट पाहिजे.

तेव्हा मैनाबाई बोलली. माइकशिवाय बोलली, पण त्याला नीट ऐकू आलं.

"झालं का सगळ्याईचं?"

गोंगाट उतरत गेला.

"भाषण लय चांगलं केलं, माय," मैनाबाई म्हणाली. "मी बी हसलो. पण पहिला नंबर माहा होता. याच्यातून मी पुढच्या सालचं बियाणं ठेवणार होतो. आता थे काळं पडलं. भाषणानं पांढरं होते काय?"

बंडू वाट पाहत राहिला. सासूबाईंना आता काहीतरी सुचेल. त्यांना प्रत्येकाचं उत्तर सुचलं होतं, जानरावांचंसुद्धा. पण भोंग्यातून फक्त घरघर येत होती. मग ठक्क आवाज आला. पार्वताबाईंनी माइक खाली ठेवला होता.

रीत अशी की सासू बोलत असता जवायानं समोर येऊ नये. बंडू देवळाला वळसा घालून समोर आला. पार्वताबाईंनी पदर ओढायला हात उचलला आणि तसाच राहू दिला. दीडशे माणसं त्याच्या तोंडाकडे पाहत होती, म्हणजे दोन वेगवेगळ्या तोंडांकडे.

तो मैनाबाईसमोर गेला. त्याच्या डोक्यात पट्टा होता, अमरावती होती, वाढलेलं ताट होतं. सगळं जिभेपर्यंत आलं.

"मैनाबाई, माहं चुकलं," तो म्हणाला.

लोक 'पण'ची वाट पाहू लागले. तो आला नाही.

"सांगून गेलो नाही. सांगतलं असतं त तुमी ताडपत्री बदलली असती. हे म्हैस-बिबट्या काही खरं नाही. आज तुमचं काढतो. हवा भराले अर्धा घंटा लागन."

मैनाबाईनं त्याच्याकडे पाहिलं.

पार्वताबाई पारावरून खाली उतरल्या. आता त्यांचा आवाज नेहमीचा होता, दाराआडचा.

"बाई, माहं सोयाबीन कोरडं आहे," त्या म्हणाल्या. "थे तुह्या नंबरावर निघालं. म्हणून त्यातलं बियाणं तुह्यं. लागते तेवढं ने. ही काही मेहरबानी नाही."

"भाषण नको," मैनाबाई म्हणाली. "पोते कवा येतीन?"

"उद्या. एसटीच्या टपावर टाकून मी सोता आणतो."

"एसटीवाला टाकू देत नाही."

"मले नाही म्हणन?" पार्वताबाई म्हणाल्या.

हे मात्र मैनाबाईला पटलं. तिनं पदर खोचला आणि वावराकडे चालू लागली.

बारा वाजता हडंबा तिच्या वावरात लागला. योगेशनं चाकात हवा भरून दिली. ठराव मांडणारे जानराव ताडपत्री घेऊन आले आणि ती कुठं अंथरायची हे सगळ्यांना सांगत राहिले. गावातली पंचवीस-तीस माणसं आली. काही कामाला, काही बघायला. पण हडंबा सुरू झाल्यावर बघायला आलेल्यांच्याही हातात पेंढ्या आल्या. कुटार उडून सगळ्यांच्या भुवया एका रंगाच्या झाल्या.

पेंढ्या ओलसर होत्या. हडंब्यात गुंडाळत होत्या. बंडूला दर दहा मिनिटांनी मशीन थांबवून हात आत घालून ओढाव्या लागत. कोपरापर्यंत ओरखडे आले. पहिलं पोतं भरलं ते काळपट. मैनाबाईनं त्यातला दाणा दाताखाली धरला, थुंकला. दुसरंही तसंच. बंडू तिच्याकडे पाहत नव्हता. पाहायची हिंमत नव्हती.

गंजीच्या पोटातल्या पेंढ्या चारच्या सुमारास लागल्या. मशीनचा आवाज बदलला. गुरगुर गेली आणि कोरड्या शेंगांचा तडतडाट सुरू झाला. मैनाबाईनं बगलेतून पडणाऱ्या दाण्यांखाली ओंजळ धरली. एक दाणा चावला. कट्ट. दुसरा चावला. तिनं ओंजळ पार्वताबाईंपुढं केली. पार्वताबाईंनी एक उचलला, पण त्यांचे पुढचे दात नव्हते. त्यांनी तो नुसताच उन्हात धरून पाहिला.

"पिवळा आहे," त्या म्हणाल्या.

"आतलं वाचलं," मैनाबाई म्हणाली. मग ओंजळ पोत्यात ओतत, "तरी तुमचे पोते आणजा. म्या सोडले नाही."

दिवस कलला तेव्हा शेवटचं पोतं भरलं. नागसेननं दाभणानं तोंड शिवलं. पश्चिमेला ढग होते, पण दूर, परतवाड्याच्या डोंगरावर. माणसं बादलीत हात-तोंड धूत होती, कोणी दुसऱ्या गंजीवर ताडपत्री टाकायला निघालं होतं. मैनाबाई पोत्याच्या एका टोकाशी वाकली, दोन्ही कान धरले आणि थांबली. आजूबाजूला पाच-सहा गडी होते. योगेश पुढं सरकला.

"तू राहू दे," ती म्हणाली. मग मान न वळवता हाक मारली, "ओ हडंबावाले. धरा इकडून."

बंडूनं दुसरं टोक धरलं. ओरखड्यांवर तागाचा स्पर्श झोंबला.

"एक, दोन," मैनाबाई म्हणाली, आणि तिनाची वाट न पाहता तिनं उचललं. बंडूनंही उचललं.